क्लॅश मोजण्याआधी स्लॅबची तारीख विचारा: बीआयएम समन्वयात नव्याने येणाऱ्यांसाठी

बीआयएम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल करण्याची पद्धत) कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झालेल्या नव्या मुलामुलींना पहिल्याच महिन्यात क्लॅश रिपोर्ट, म्हणजे मॉडेलमध्ये कुठे दोन वस्तू एकाच जागी येतात त्याची यादी, काढायला सांगतात. सगळी मॉडेल्स एकत्र जोडली, टेस्ट चालवली आणि स्क्रीनवर चार आकडी संख्या आली की छाती फुगते. तो रिपोर्ट एक्सेलमध्ये जातो, मेलला जोडला जातो, दहा जणांना पाठवला जातो, आणि दहापैकी कोणीही तो उघडत नाही. यात त्या मुलांचा दोष नाही. क्लासमध्ये नॅव्हिसवर्क्सची (मॉडेल्स जोडून क्लॅश शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची) बटणं शिकवतात. त्या यादीचं पुढे काय करायचं ते साइटवर गेल्याशिवाय कळत नाही. मी लिहिणार आहे ते त्या पुढच्या भागाबद्दल.

मी मूळची मेकॅनिकल डिप्लोमावाली. आधी पुण्यातल्या एका ऑफिसात परदेशी प्रकल्पांची एचव्हीएसी (वातानुकूलन आणि हवा खेळवण्याची) मॉडेल्स करायचे, मग एका बांधकाम कंत्राटदाराकडे आले आणि रुग्णालयाच्या इमारतीचं समन्वयाचं काम गळ्यात पडलं. म्हणून इथली उदाहरणंही रुग्णालयाची आहेत. छताच्या पोकळीत तिथल्याइतकी गर्दी दुसरीकडे क्वचितच असते. डक्ट, ड्रेनेज, स्प्रिंक्लर, केबल ट्रे हे नेहमीचे यशस्वी कलाकार तर असतातच, वर ऑक्सिजन-व्हॅक्यूमच्या तांब्याच्या नळ्या, नर्स कॉलच्या वायरी आणि ऑपरेशन थिएटरची स्वतंत्र हवा.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक हिशेब हाताने करायला शिका. समजा, फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत उंची ३९०० मिमी आहे. वरच्या मजल्याची फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ७५ मिमी, म्हणजे काँक्रीटचा माथा ३८२५ वर. बीम स्लॅबसकट ६०० खोल, म्हणजे त्याचा तळ ३२२५ वर. कॉरिडॉरचं फॉल्स सीलिंग २७०० वर हवं, असं आर्किटेक्ट म्हणतात. राहिले ५२५. सीलिंगची फ्रेम आणि त्यात बसणारे दिवे यांनी १२५ खाल्ले. उरले ४००. आता डक्ट ३०० उंचीची, तिला वर-खाली २५-२५ इन्सुलेशन, खाली सपोर्टचा अँगल आणि मिस्त्रीचा हात जाईल एवढी फट मिळून ५०. झाले ४००. बीमखालून डक्ट गेली आणि तिथे बाकी कशालाही जागा उरली नाही.

मग स्प्रिंक्लरचा पाइप त्या डक्टला कुठे ओलांडणार? दोन बीमच्या मधे. तिथे स्लॅब १५० जाडीचा असेल तर वरती आणखी ४५० मिमी पोकळी मिळते. म्हणजे ओलांडायचं ते बीमच्या मधे, आणि बीमखालून जायचं ते शेजारी-शेजारी. त्या कॉरिडॉरपुरता समन्वयाचा निम्मा निर्णय इथेच झाला, एकही क्लॅश टेस्ट न चालवता.

ड्रेनेजचा हिशेब तर याहून निर्दय असतो. टॉयलेटपासून शाफ्टपर्यंत १२ मीटर अंतर असेल आणि उतार १:१०० धरला, तर पाइप शाफ्टशी पोचेपर्यंत १२० मिमी खाली उतरलेला असतो. सुरुवातीला सुरेख बसलेला पाइप शेवटी सीलिंगच्या ग्रिडवर येऊन टेकतो. डक्ट चपटी करता येते, केबल ट्रेला वळण देता येतं, पाण्याच्या प्रेशर लाइनला वर-खाली उड्या मारायला लावता येतात. ड्रेनेजला यातलं काहीच जमत नाही. मॉडेलमध्ये तो पाइप उताराविना सपाट काढलेला असला (आणि घाईत तसाच काढतात), तर तुमची क्लॅश टेस्ट सगळं स्वच्छ दाखवते आणि साइटवर वाद होतो.

प्रत्येक मुख्य कॉरिडॉरचा असा एक सेक्शन काढा. कोणती सेवा कोणत्या उंचीच्या पट्ट्यात, हे त्यावर मिलिमीटरमध्ये लिहा आणि स्ट्रक्चर, एचव्हीएसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि आर्किटेक्ट अशा सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढे महिनाभराने कोणी "आमची ट्रे आधीपासून इथेच होती" म्हणायला लागलं, की हा कागद टेबलावर ठेवायचा. थ्रीडी मॉडेलपेक्षा सही केलेल्या ए-३ कागदाचा वचक आपल्याकडे अजून जास्त आहे.

मॉडेलमध्ये काय-काय काढलेलं हवं, याचंही भान याच हिशेबातून येतं. बीआयएमफोरम या अमेरिकी संस्थेच्या एलओडी (मॉडेल किती तपशिलात काढलंय त्याची पातळी) स्पेसिफिकेशनमध्ये ३०० आणि ४०० यांच्या मधे ३५० नावाची पायरी आहे. ३०० ला वस्तूचा आकार, माप आणि जागा पक्की असते; ३५० ला ती वस्तू शेजारच्याशी जिथे-जिथे भिडते ते भागही येतात, म्हणजे हँगर, सपोर्ट, जोड. समन्वयासाठी खरं मोल याच पायरीचं. इन्सुलेशन आणि फ्लँज नसलेली डक्ट मॉडेलमध्ये नेहमीच बसते.

शून्य कुठे धरलंय?

समन्वयातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे कोऑर्डिनेट्स. सर्व्हेअर ड्रॉइंग देतो ते बऱ्याचदा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत. पुण्या-मुंबईचा भाग ४३ नंबरच्या उत्तर झोनमध्ये येतो, आणि तिथे उत्तरेचा आकडा २० लाख मीटरच्या पुढे असतो. ते ड्रॉइंग कोणी जसंच्या तसं रेव्हिटमध्ये (मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणलं तर इमारत मॉडेलच्या अंतर्गत शून्यापासून दोन हजार किलोमीटरवर जाऊन पडते. रेव्हिटची भूमिती त्या शून्यापासून साधारण १६ किलोमीटरच्या आत असावी लागते. त्याबाहेर रेषा थरथरायला लागतात, मापं दगा देतात. म्हणून इमारत शून्याजवळच बांधायची आणि खऱ्या जगातला पत्ता शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून (सगळ्या मॉडेल्सना सामाईक असलेल्या नोंदीतून) द्यायचा. हे काम प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात एकाच माणसाने करावं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावं. चार जणांनी चार ठिकाणी 'जुळवून' घेतलं की पुढचे सहा महिने कोणाचं तरी मॉडेल ४० मिमी बाजूला असतं आणि का, ते कोणालाच सांगता येत नाही.

तपासायला एक साधी युक्ती आहे: प्रत्येक विषयाच्या मॉडेलमध्ये ए आणि १ या ग्रिड रेषांच्या छेदावर ठरलेल्या मापाचा एक ठोकळा ठेवायला सांगा. सगळी मॉडेल्स एकत्र आणली की ठोकळे एकमेकांत तंतोतंत बसले पाहिजेत. ग्रिड आणि लेव्हल आर्किटेक्टच्या मॉडेलमधून कॉपी-मॉनिटर करा, म्हणजे तिकडे बदल झाला की तुम्हाला इशारा मिळतो. लेव्हलबद्दल एक गोष्ट मात्र तोंडी विचारून घ्या. आर्किटेक्टची लेव्हल फरशीच्या माथ्याची असते, स्ट्रक्चरवाल्यांची काँक्रीटच्या माथ्याची. वरच्या हिशेबातले ते ७५ मिमी इथेच हरवतात.

रेव्हिटमधून नॅव्हिसवर्क्ससाठी एनडब्ल्यूसी फाइल काढतानाही दोन खुणा बघायच्या. कोऑर्डिनेट्स 'शेअर्ड' आहेत ना, आणि लिंक केलेल्या फाइल्स बरोबर घेण्याची खूण पुसलीय ना. ती राहिली तर प्रत्येक विषयाच्या फाइलमधून आर्किटेक्टचं मॉडेल पुन्हा-पुन्हा येतं, भिंत स्वतःलाच धडकते आणि तुमचा आकडा आभाळाला भिडतो.

आकडा कसा उतरवायचा, आणि तो का बघू नये

सगळ्याविरुद्ध सगळं अशी टेस्ट कधी चालवू नका. आधी स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज, स्ट्रक्चर विरुद्ध मोठ्या डक्ट. ते निवळलं की डक्ट विरुद्ध ट्रे, मग स्प्रिंक्लर, मग बाकी. टॉलरन्स (किती मिलिमीटरपर्यंतची घुसखोरी सोडून द्यायची ते माप) १ मिमी ठेवलात तर पाइपवरचं इन्सुलेशन ट्रेला नुसतं चाटून गेलं तरी ती ओळ यादीत येते. कोणत्या जोडीला किती टॉलरन्स, हे बीआयएम एक्झिक्युशन प्लॅनमध्ये (प्रकल्पात बीआयएमचं काम कसं करायचं त्याच्या लेखी आराखड्यात) लिहून घ्या. निवड करताना सिलेक्शन सेटऐवजी सर्च सेट वापरा. सिलेक्शन सेटमध्ये त्या दिवशी निवडलेल्या वस्तूच राहतात. सर्च सेट नव्या फाइलमध्ये नव्याने शोधतो.

एकच डक्ट बीमच्या रांगेला सात ठिकाणी आपटते. यादीत सात ओळी, निर्णय एक. त्यामुळे गट पाडणं हे तुमचं रोजचं काम. सॉफ्टवेअर हे थोडंफार करून देतं, पण 'या सात आणि त्या पलीकडच्या चार ओळींचं मूळ एकच, डक्टचा मार्गच चुकलाय' हे माणसालाच दिसतं.

मॉडेलर मंडळींना एक विनंती नेहमी करावी लागते: वस्तू हलवा, डिलीट करून नव्याने काढू नका. नव्याने काढली की तिचा आयडी बदलतो. मग जुना क्लॅश आपोआप 'रिझॉल्व्ह्ड' होतो, त्याच जागी नवा क्लॅश 'न्यू' म्हणून उगवतो आणि त्यावर झालेली सगळी चर्चा, शेरे, फोटो जुन्या ओळीबरोबर गाडले जातात. याच ओघात 'अप्रूव्ह्ड' या शेऱ्याबद्दलही सांगून टाकते. नॅव्हिसवर्क्समध्ये त्याचा अर्थ 'हा क्लॅश आहे तसा मान्य' असा होतो, उदाहरणार्थ स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी आधीच बसवलेली नळी) ठेवलेल्या भिंतीतून गेलेला पाइप. 'उपाय मंजूर झाला, आता करायचाय' यासाठी तो लावलात तर ती ओळ उघड्या कामांच्या यादीतून गुपचूप नाहीशी होते.

धडक नसलेले क्लॅश विसरू नका. फायर डॅम्परखाली उघडायला दार नाही, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, इलेक्ट्रिकल पॅनेलसमोर उभं राहायला जागा नाही, ट्रेच्या बरोबर वर पाण्याच्या पाइपचा जोड आहे. हार्ड क्लॅशची टेस्ट यातलं काहीही पकडत नाही. देखभालीच्या जागेचा पारदर्शक डबा त्या वस्तूच्या फॅमिलीतच (रेव्हिटमधल्या तिच्या साच्यातच) काढून ठेवला तर तो टेस्टमध्ये घेता येतो.

आता आकड्याचं. दर आठवड्याला 'क्लॅश इतक्यावरून इतक्यावर आले' असा आलेख दाखवण्याची पद्धत आहे. व्यवस्थापनाला तो आवडतो. माझा त्यावर विश्वास नाही. टॉलरन्स वाढवला तरी आलेख उतरतो, गट मोठे पाडले तरी उतरतो. मला विचाराल तर मोजायचं ते एकच: स्लॅब पडल्यानंतर साइटवर किती ठिकाणी कोअर मारावा (काँक्रीटला यंत्राने गोल भोक पाडावं) लागला, आणि त्यातला प्रत्येक कोअर मॉडेलमध्ये का दिसला नव्हता.

तारीख

स्लॅब भरायचा दिवस हा समन्वयाचा खरा मालक. त्यानंतर काँक्रीट कोणाचं ऐकत नाही. म्हणून साइट इंजिनिअरकडून भरणीचा कार्यक्रम घ्या आणि मागे मोजत या. भरणीच्या आधी सळई बांधली जाते. बीममधल्या स्लीव्ह त्या वेळी बसतात, कारण त्यांच्याभोवती जादा सळई घालावी लागते. त्याआधी स्लीव्ह लेआउटचं जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंग साइटवर पोचलेलं हवं. त्याआधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटची मंजुरी, आणि ते काही त्याच दिवशी बघत नाहीत. त्याआधी पाइपचा मार्ग गोठलेला हवा. हे सगळं मागे मोजत गेलात की बऱ्याचदा लक्षात येतं: सातव्या मजल्यावरचे शेकडो क्लॅश बाजूला ठेवून आज तिसऱ्या मजल्याच्या नऊ स्लीव्ह ठरवायच्या आहेत. मॉडेलमधले क्लॅश मजल्यानुसार आणि भरणीच्या टप्प्यानुसार लावले की मीटिंगमध्ये काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

पीटी (पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे आतल्या केबल ताणून केलेला) स्लॅब असेल तर आणखी सावध राहा. ताणलेली केबल कोअरमध्ये सापडली तर विषय दुरुस्तीपुरता राहत नाही, सुरक्षेचा होतो. साध्या स्लॅबलाही स्कॅन केल्याशिवाय आणि कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय भोक पाडू नये; बीमला तर नाहीच. आमच्या रुग्णालयाचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट मीटिंगला बसले की आधीच सांगायचे, "बीमच्या टोकाला, कॉलमजवळ भोक मागू नका. मधल्या भागात, खोलीच्या मध्यावर मागा, मी बघतो." एवढं एक वाक्य प्लंबिंगच्या मुलांनी मार्ग आखण्याआधी ऐकलेलं असलं की अर्धे अर्ज मागे येत नाहीत.

कोण हलणार, हा प्रश्न नव्या माणसाला अवघड जातो, कारण टेबलाभोवती सगळे वयाने आणि हुद्द्याने मोठे. साधारण क्रम असा: स्ट्रक्चर जागचं हलत नाही, मग उताराचे पाइप, मग मोठ्या डक्ट, मग मोठ्या व्यासाचे पाण्याचे पाइप, मग ट्रे, मग स्प्रिंक्लरच्या शाखा आणि शेवटी कंड्युट. हा क्रम पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून मंजूर करून घेतला की पुढे कोणाला "सर, तुमची ट्रे हलवावी लागेल" म्हणताना तुमचा आवाज कापत नाही. तुम्ही फक्त ठरलेलं वाचून दाखवत असता. अर्थात क्रमालाही अपवाद असतात. ऑपरेशन थिएटरवरची डक्ट चपटी केली की हवेचा वेग आणि आवाज वाढतो. तिथे ट्रेचं काय, सीलिंगसुद्धा खाली घ्यावं लागलं तर आर्किटेक्टशी बोलावं.

मीटिंगला सगळी यादी नेऊ नका. जे मॉडेलर आपसात फोनवर मिटवू शकतात ते आधीच मिटवा. मीटिंगमध्ये फक्त तेच न्या ज्याला निर्णय लागतो, पैसे लागतात किंवा कोणाची तरी सही लागते. प्रत्येक मुद्द्याला आधीच काढलेला व्ह्यू पॉइंट, सुचवलेला एक उपाय, जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. कंपनीचं नाव नव्हे, माणसाचं. वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये हे मुद्दे बीसीएफ फाइलने फिरवता येतात. त्यात मॉडेलऐवजी मुद्दा, शेरा आणि कॅमेऱ्याची जागा जाते, त्यामुळे ती हलकी असते.

आपल्याकडची एक खास अडचण कोणी पुस्तकात सांगत नाही. एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) कंत्राटदार बऱ्याचदा स्ट्रक्चर वर यायला लागल्यावर नेमला जातो. तोपर्यंत मॉडेलमध्ये कन्सल्टंटने धरलेलं सर्वसाधारण मापाचं एएचयू (डक्टमध्ये हवा सोडणारं वातानुकूलनाचं युनिट) असतं. मग खरेदी दुसऱ्याच मेकची होते, युनिट २०० मिमी लांब निघतं आणि प्लांट रूमचं दार उघडत नाही. यावर पूर्ण इलाज नाही, पण विचाराधीन असलेल्या सगळ्या मेकमधलं मोठ्यात मोठं माप धरून डबा काढून ठेवला तर बराच बचाव होतो.

नियमांची पुस्तकं आणि परदेशी काम

बीआयएमची माहिती कशी सांभाळायची याचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ १९६५०; त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. ते वाचायला रुक्ष आहेत, तरी त्यातली एक कल्पना सोन्याची आहे: फाइल कोणत्या अवस्थेत आहे ते तिच्यावरच लिहिलेलं असावं. काम चालू, इतरांना दाखवलेली, प्रसिद्ध केलेली, जुनी होऊन जपलेली. ब्रिटनच्या पद्धतीत एस-१ असा कोड असलेली फाइल समन्वयासाठी योग्य, एवढाच तिचा अर्थ; तिच्यावरून बांधायचं नाही. साइटवर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफला असा काही कोड नसतो, आणि मिस्त्री त्यावरूनच काम करतात.

ब्रिटिश सरकारने २०१६ च्या एप्रिलपासून केंद्राच्या बांधकामांना लेव्हल २ बीआयएम (प्रत्येक विषयाचं मॉडेल करून एकमेकांना देण्याची पायरी) बंधनकारक केलं. पुण्यातली अनेक ऑफिसं त्या आणि आखाती देशांच्या कामांवर चालतात. आपल्याकडे सरसकट असं बंधन नाही. नागपूर मेट्रोसारख्या कामांत मात्र वेळ आणि खर्च मॉडेलला जोडणारं ५डी बीआयएम वापरलं गेलंय. परदेशी कामातून शिस्त येते: नाव कसं द्यायचं, शंका लेखी कशी विचारायची, वेळेच्या फरकामुळे एकाच मेलमध्ये पूर्ण प्रश्न कसा मांडायचा. साइट मात्र तिथे दिसत नाही. शक्य झालं तर तीन-चार वर्षांच्या आत एकदा तरी बांधकामाच्या बाजूला या.

शिकायला काय लागतं? टूडी ड्रॉइंग वाचता येणं हे सर्वांत आधी. स्ट्रक्चरचं, प्लंबिंगचं, इलेक्ट्रिकलचं, सगळ्यांचं. मग एका विषयात रेव्हिट पक्कं. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना वर्षभरासाठी मोफत मिळतो आणि पात्र असाल तोवर नूतनीकरण करता येतो. नॅव्हिसवर्क्सचं मॅनेज हे रूप घ्या; सिम्युलेटमध्ये क्लॅश डिटेक्टिव्ह नसतं आणि फ्रीडम फक्त तयार मॉडेल बघायला. डायनॅमो (रेव्हिटमधली कामं आपोआप करून घेण्याचं साधन) नंतर शिकलात तरी चालतं.

सरावासाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा आणि वर बघा. वरच्या टॉयलेटचे पाइप, त्यांचा उतार, बीमला दिलेली बगल, फायर लाइन, कुठे-कुठे नंतर मारलेला कोअर, गाडीच्या टपाला लागेल असा एखादा बेंड, सगळं उघडं असतं. टेप घेऊन मापं घ्या आणि तेवढ्याच भागाचं मॉडेल करा. मुलाखतीला त्याचा एक सेक्शन आणा. मी क्लॅशचा आकडा विचारत नाही; एखाद्या वळवलेल्या पाइपवर बोट ठेवते आणि विचारते, हाच का वळवला, डक्ट का नाही? त्याचं उत्तर मिलिमीटरमध्ये देता आलं तर पुढचे प्रश्न पगाराचे असतात.